पहाऱ्यावाचून भूल

१७९४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात पुण्याकडील एका शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकीत असता टिपू सुलतानाच्या हाती लागला व त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. या वृत्तांताने युरोपातील शल्यविशारद चकित झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या गाडीवानाने ती वेदना कशी सोसली असेल, याचा विचार मात्र क्वचितच होतो. ईथरची भूल जगापुढे येण्यास तेव्हा आणखी अर्धशतक अवकाश होता.

आज चेहऱ्यासाठी वेदना सोसावी लागत नाही. म्हणूनच की काय, चेहऱ्यावरील शस्त्रक्रिया ही शस्त्रक्रियाच आहे, याचाही विसर पडू लागला आहे. पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखालची चरबी बारीक नळीने शोषून घ्यावयाची, ती निवळून व धुऊन बसलेल्या गालात किंवा डोळ्यांखालच्या खळग्यात थेंबाथेंबाने सोडावयाची, असा एक उपचार सौंदर्योपचाराच्या केंद्रांतून आता सर्रास होतो. कल्पना जुनी आहे. गुस्टाव्ह नॉयबर या जर्मन शल्यविशारदाने १८९३ मध्ये दंडातील चरबी घेऊन चेहऱ्यावरचा खोल व्रण भरला होता. नटनट्यांचे चोचले म्हणून हा विषय झटकून टाकणे सोपे आहे. परंतु अपघाताने, भाजल्याने किंवा एखाद्या रोगाने ज्यांचा अर्धा चेहरा झडून गेला, त्यांना चारचौघांत वावरण्याचे धैर्य याच उपचाराने दिले आहे. आणि केवळ तरुण दिसावे म्हणून कोणी स्वतःच्या पैशाने तो करून घेतला, तरी त्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिलेला नाही. आमचा आक्षेप उपचाराला नाही. तो आहे या उपचारासाठी भूल ज्या पद्धतीने विकली जाते, त्या पद्धतीला.

'भूल नाही, फक्त सुन्न करण्याचे इंजेक्शन, अर्ध्या तासात घरी' असे एक केंद्र म्हणते. 'शांत झोपा, काहीही कळणार नाही' असे दुसरे म्हणते. उपाहारगृहातील पदार्थांप्रमाणे पर्याय मांडले जातात व गिऱ्हाईक खिशाकडे आणि मनातल्या भीतीकडे पाहून त्यांतील एक निवडते. दुखेल का, हा एकच प्रश्न विचारला जातो. आपण शुद्धीवर नसताना आपल्याकडे कोण पाहत असेल, हा प्रश्न विचारण्याचे कोणाला सुचतही नाही.

प्रथम स्थानिक भुलीविषयी. केवळ चेहऱ्यापुरता उपचार असेल, तर बहुतेक वेळा हीच पुरेशी असते, हे मान्य केले पाहिजे. लागणारी चरबी थोडी, बहुधा काही चमचेच. जेथून ती घ्यावयाची तेथे लिग्नोकेन व ॲड्रेनालिन यांचे अतिशय पातळ द्रावण सोडतात. आणि चेहऱ्यावर भुवईवर, डोळ्याखाली व हनुवटीपाशी हाडातून बाहेर येणाऱ्या मज्जातंतूंभोवती औषध देऊन तो भाग बधिर करतात. गालातच औषध टोचले तर गाल फुगतो आणि चरबी किती भरावी याचा अंदाज चुकतो. मज्जातंतू बधिर केल्याने ही अडचण बरीचशी टळते. रुग्ण जागा असण्याचा आणखी एक मोठा लाभ आहे. चेहऱ्यातील रक्तवाहिन्यांचा डोळ्याच्या रक्तवाहिनीशी संबंध असतो, आणि चरबीचा कण चुकून रोहिणीत शिरला तर दृष्टी जाऊ शकते. असे दृष्टी गमावलेल्या जगभरातील ९८ रुग्णांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत स्वतःच्या शरीरातील चरबीच कारण ठरली होती. बोथट तोंडाची नळी, मंद हात आणि रक्तवाहिन्या आकसविणारे ॲड्रेनालिन यांनी हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. जागा रुग्ण 'डोळ्यांपुढे अंधारी आली' असे तत्क्षणी सांगतो. झोपलेला रुग्ण कोणाला सांगणार?

पण स्थानिक भूल म्हणजे बिनहिशेबी भूल नव्हे. ॲड्रेनालिनसह दिलेल्या लिग्नोकेनची रूढ मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ७ मिलिग्रॅम आहे. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या स्त्रीस ३५० मिलिग्रॅम. चरबीत सोडावयाच्या पातळ द्रावणासाठी जेफ्री क्लाईन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९९० मध्ये ३५ मिलिग्रॅमची मर्यादा मांडली. पुढे इतरांनी ती ५५ पर्यंत नेली. हे मोठे आकडे चरबीतील पातळ द्रावणापुरतेच खरे. चेहऱ्यात रक्तपुरवठा भरपूर असल्याने तेथील औषध रक्तात लवकर उतरते. त्यास ही सवलत लागू होत नाही. तेव्हा पोटाचा हिशेब आणि चेहऱ्याचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो, आणि त्याच बैठकीत मांडी, कंबर, दंड येथील चरबीही काढून घेण्याचा मोह झाला, तर ही वही फार काळजीपूर्वक ठेवावी लागते. शिवाय चरबीत मुरलेल्या औषधाचे रक्तातील प्रमाण कमाल पातळीला पोहोचते ते बारा तासांच्या सुमारास. म्हणजे 'अर्ध्या तासात घरी' गेलेली व्यक्ती मध्यरात्री आपल्या घरी अंथरुणावर असेल, तेव्हा. जिभेला मुंग्या, कानांत गुणगुण, जड बोलणे ही विषबाधेची पहिली लक्षणे होत. त्यापुढे झटके, आणि त्याहीपुढे हृदय थांबणे. यावर स्निग्ध पदार्थाचे वीस टक्के द्रावण शिरेतून देण्याचा गुणकारी उपाय आता उपलब्ध आहे. ते किती केंद्रांच्या कपाटात आहे, याची एकदा तपासणी व्हावयास हवी.

खरी निसरडी वाट मधली आहे. तिला कोणी 'थोडी गुंगी' म्हणतात. गुंगीच्या पायऱ्या असतात: हाक मारल्यावर सहज ओ देणारा, हालविल्यावर ओ देणारा, वेदनेनेच काय तो हलणारा, आणि कशानेही न हलणारा. औषध देणाऱ्याने पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबण्याचे ठरविले, म्हणून शरीर तेथे थांबतेच असे नाही. एकाच मात्रेने एक जण नुसता पेंगतो, तर दुसऱ्याचा श्वास बंद पडतो. म्हणून या शास्त्रात असा दंडक आहे की, ठरविल्यापेक्षा एक पायरी खाली गेलेल्या रुग्णाला वर काढण्याचे सामर्थ्य ज्याच्यापाशी आहे, त्यानेच गुंगी द्यावी. प्रोपोफॉल हे औषध तर या पायऱ्या क्षणार्धात उतरविते. गायक मायकेल जॅक्सन २००९ मध्ये त्यानेच गेला. औषध देणारा इसम डॉक्टर होता, हृदयरोगतज्ज्ञ होता. पण तो भूलतज्ज्ञ नव्हता, आणि ऐन वेळी खोलीबाहेर गेला होता.

श्वासावर पहारा ठेवा, हा धडा आपल्याच भूमीत फार पूर्वी गिरविला गेला आहे. मराठवाडा ज्या संस्थानात होता, त्या हैदराबाद संस्थानात क्लोरोफॉर्मने होणाऱ्या मृत्यूंचा शोध घेण्यासाठी १८८८ व १८८९ मध्ये दोन मंडळे बसली. एडवर्ड लॉरी हे त्यांचे प्रवर्तक, आणि खर्च निजामाचा. क्लोरोफॉर्म हृदयावर प्रत्यक्ष आघात करीत नाही, हा त्यांचा निष्कर्ष पुढे १९११ मध्ये लेव्ही यांच्या प्रयोगांनी चुकीचा ठरला. परंतु भूल देणाऱ्याने सर्व काळ श्वासावर लक्ष ठेवावे, ही लॉरींची शिकवण टिकली. आज बोटाला लावावयाचे प्राणवायुमापक आहे, उच्छ्वासातील कर्बवायू मोजणारे यंत्र आहे. मात्र यंत्राने हाक दिली तरी ती ऐकणारा कोणी हवा. दोन्ही हातांनी आणि दोन्ही डोळ्यांनी गालाची गोलाई जमवीत असलेला शल्यविशारद ती ऐकणार नाही, आणि ऐकली तरी हातातील नळी टाकून उठेपर्यंत मोलाची मिनिटे गेलेली असतील.

संपूर्ण भुलीची लोकांना वाटणारी भीती अनेकदा अवास्तव असते. इतर अवयवांवरील चरबी मोठ्या प्रमाणात काढावयाची असेल, सोबत दुसरी मोठी शस्त्रक्रिया असेल किंवा रुग्ण अतिशय घाबरट असेल, तर सुसज्ज रुग्णालयात भूलतज्ज्ञाने दिलेली संपूर्ण भूल ही एकट्या डॉक्टरने दिलेल्या 'थोड्या गुंगी'पेक्षा अधिक सुरक्षित, असे आमचे मत आहे. तीही निर्धोक नाहीच. ऑलिव्हिया गोल्डस्मिथ ही अमेरिकन कादंबरीकार २००४ च्या जानेवारीत हनुवटीखालच्या सैल कातडीच्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठी भूल दिली असता कोसळली आणि काही दिवसांनी वारली. आपल्याकडे २०२२ च्या मे महिन्यात बंगळूरमध्ये एकवीस वर्षांची एक कन्नड अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. तिला दुसऱ्या रुग्णालयात हलवावे लागले होते.

शासन याबाबतीत काय करते? फ्लोरिडा राज्याच्या वैद्यक मंडळाने २००० सालच्या ऑगस्टमध्ये अशा मृत्यूंची दखल घेऊन दवाखान्यांतील संपूर्ण भुलीच्या शस्त्रक्रिया नव्वद दिवस थांबविल्या व त्या काळात नियमांची फेरतपासणी केली. आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये एवढे सांगितले की, कार्यशाळा पाहून वा यूट्यूबवर शिकून अशा शस्त्रक्रिया करता येणार नाहीत. असे सांगण्याची वेळ यावी, यातच सर्व आले. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये निर्णय दिला की, रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती, आणि एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला लागू होत नाही. मग भुलीची संमती शस्त्रक्रियेच्या कागदावरील एका ओळीत का उरकली जाते? स्थानिक भूल अपुरी पडली म्हणून आयत्या वेळी शिरेतून गुंगी दिली जाते, तेव्हा वेदनेने कळवळणाऱ्या माणसाची मान हलली, एवढ्यावर ती संमती ठरते काय?

भूलतज्ज्ञाचे मानधन वाचले की उपचाराचा एकूण दर खाली येतो, आणि कमी दराकडे गिऱ्हाईक वळते, हे या धंद्याचे उघड गणित आहे. ते मोडण्यासाठी फार मोठ्या यंत्रणेची गरज नाही. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या कायद्याने होते, आणि २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारून दरपत्रक दर्शनी भागी लावण्याची सक्ती करण्यात आली. जेथे शिरेतून गुंगीचे औषध दिले जाते, अशी प्रत्येक जागा, मग तेथे खाट असो वा नुसती खुर्ची, या नोंदणीखाली आणावी. आणि दरपत्रकाशेजारी त्या दिवशीच्या भूलतज्ज्ञाचे नाव व नोंदणी क्रमांक लावण्यास भाग पाडावे.