पाच पेट्या आणि एक खटका

यंदा आमच्या दिवाळीच्या यादीत उटणे, पणत्या आणि रवा-बेसन यांच्या खाली 'अँप्लिफायर, नग एक' अशी नोंद होती. अक्षर आईचे होते.

आमच्या दिवाणखान्यात गाण्याच्या नावाखाली पाच पेट्या नांदत होत्या. पहिली तबकडी फिरवणारी, दुसरी तिचा क्षीण आवाज वाढवणारी, तिसरी टीव्हीतून आणि सीडीतून आकड्यांच्या रूपाने येणाऱ्या संगीताचा आवाज करणारी, चौथी तो लहानमोठा करणारी आणि पाचवी स्पीकरना जोर पुरवणारी. प्रत्येकीची वायर वेगळी, खटका वेगळा आणि मानपानही वेगळा! पाचवी सर्वांत शेवटी लावायची व सर्वांत आधी बंद करायची; क्रम चुकला की स्पीकरमधून धप्पकन आवाज झालाच. आई आता ऐंशीच्या पुढची. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, जमवलेल्या नाट्यगीतांच्या एलपी तिला दुपारी ऐकायच्या असतात आणि दुपारी मी कचेरीत असतो. दादा गेल्यापासून त्या तबकड्या रविवारखेरीज वाजलेल्या नाहीत. "मला एक खटका आणि एक गोल बटण, एवढेच असलेले काहीतरी आण," असे तिने मला सांगितले.

अशा वस्तूला बाजारात इंटिग्रेटेड अँप्लिफायर म्हणतात. चौथी आणि पाचवी पेटी त्यात एकत्र असतेच. दुसरी व तिसरी असेलच असे नाही, आणि खरी पारख तिथेच आहे.

दुकानदार मात्र वॉटपासून सुरुवात करतो. "शंभर वॉट आहे, साहेब!" वाचकहो, घाबरू नका. आमचे स्पीकर एका वॉटवर मीटरभर अंतरावर 87 डेसिबल आवाज देतात. दुपारच्या नाट्यगीताला तो पुष्कळ झाला. पन्नासाचे शंभर वॉट केले तर भर पडते अवघ्या 3 डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर वॉट जवळजवळ दहापट लागतात. 1978 साली नॅड कंपनीचा 3020 हा इंटिग्रेटेड अँप्लिफायर आला, तो बाजूला 20 वॉटचा होता. त्यातले कित्येक आजही घरोघर गात आहेत.

मी विचारले ते फोनोचे. तबकडीवरच्या साध्या सुईतून निघतात जेमतेम 5 मिलिव्होल्ट. सीडी प्लेअरमधून 2 व्होल्ट, म्हणजे चारशेपट. शिवाय एलपी कोरताना खर्ज दाबतात आणि वरचे सूर चढवतात. वाजवताना ते उलट करून घ्यावे लागते. 1954 पासून रूढ झालेला हा नियम पाळणारी सोय आत नसेल, तर दुसरी पेटी घरातून हलत नाही. इंटरनेट आहे, ब्लूटूथ आहे, फोनो मात्र नाही, अशा देखण्या पेट्या मी त्या दिवशी तीन पाहिल्या.

चिरंजीवांचा हट्ट इंटरनेट आतच असण्याचा होता. माझे मत निराळे. चांगला अँप्लिफायर तीस वर्षे चालतो; गाणी पुरवणाऱ्या सेवा आणि त्यांची ॲप पाच-सात वर्षांत कूस बदलतात. जे लवकर म्हातारे होते ते बाहेर, एका छोट्या डबीत असावे. बिघडले तर डबी बदलावी. सीडीच्या आकड्यांची रीत 1982 पासून तीच आहे, म्हणून तिसरी पेटी आत चालेल. चिरंजीवांना हे पटलेले नाही.

अमेरिकेतला भाचा "मीच घेऊन येतो, मामा" म्हणत होता. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. मागे वोल्टेज बदलण्याची सोय नसेल तर सोबत ट्रान्सफॉर्मर आलाच, म्हणजे पुन्हा एक पेटी! त्याला चॉकलेटेच आणायला सांगितले.

शेवटी 50 वॉटचा घेतला. आईला दुकानात नेले होते. सांधे धरलेल्या बोटांनी तिने गोल बटण दोनदा फिरवून पाहिले आणि मगच मान हलवली. निवडीचे बटण 'फोनो'वर ठेवून दिले आहे. तिने खटका दाबायचा आणि सुई टेकवायची.

एक तंटा तेवढा झाला. पूर्वी रेडिओवर घालत तसा क्रोशाचा रुमाल तिने आधीच विणून ठेवला होता. पण अँप्लिफायरच्या माथ्यावरची छिद्रे उष्णता जाण्यासाठी असतात, ती झाकता येत नाहीत. रुमाल आता तबकडीच्या यंत्राच्या झाकणावर आहे.