चार पोस्टकार्डे

मराठीच्या मास्तराने दिवाळी अंकात मोटारीच्या टायरांवर लिहावे, हे पाहून पुष्कळ वाचकांच्या हातातली चकली हातातच राहील. या पानावर मी एरवी शब्दांच्या कुळकथा सांगतो. यंदा हे काय काढले, असे तुम्ही विचाराल. म्हणून आरंभ शब्दापासूनच करतो. टायरला आपल्याकडे शब्द नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी बैलगाडीचे चाक आठवावे. त्याच्या परिघावर जी लोखंडी पट्टी असते तिला 'धाव' म्हणतात. लोहार ती धाव तापवून लाल करतो, लाकडी चाकावर चढवतो आणि वरून पाणी ओततो. थंड होताच ती आवळते आणि चाकाला कवटाळून बसते.

लोखंड थंड झाले की आवळते आणि गाडीच्या कामी येते. रबर थंड झाले की ताठरते आणि गाडीच्या जिवावर उठते. ही दुसरी गोष्ट मला २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत कळली. ती सांगण्यासाठी हा सगळा खटाटोप.

आमची धाकटी बहीण दक्षिण जर्मनीत राहते. वय वर्षे अडतीस, दोन मुलांची आई. पण आमच्या घरात ती अजून 'बेबी'च. श्टुटगार्टच्या दक्षिणेला रॉयटलिंगेन नावाचे शहर आहे, तेथे तिचे बिऱ्हाड. या भागात श्वेबिश आल्ब नावाचे पठार आपल्या सह्याद्रीच्या कड्यासारखे एकदम उभे राहते. बेबीची नोकरी वर पठारावरच्या एका गावी, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. पाळी सकाळी सहाची. म्हणजे पाचच्या आत घर सोडायचे, बाड उराख हे गाव मागे टाकायचे आणि जंगलातला घाट चढून सातशे मीटर उंचीवर जायचे. खाली पाऊस असतो तेव्हा वर बर्फ असतो. वाहन म्हणजे एक जुनी घेतलेली छोटी पोलो. आमच्या पुण्याच्या घराखालीही पोलोच उभी असते. ती चाकणच्या कारखान्यातून २०१७ साली बाहेर पडलेली. तेव्हा भावाबहिणीच्या गाड्याही सख्ख्या बहिणीच, असे आम्ही गमतीने म्हणतो.

मी पोहोचलो त्या रात्री मुले निजल्यावर बेबी मला म्हणाली, "दादा, एक सांगते, पण आईला बोलायचं नाही." गेल्या जानेवारीत घाटातल्या एका वळणावर तिने चाक वळवले आणि गाडी वळलीच नाही. सरळ जात राहिली. ब्रेक दाबला तरी जात राहिली. कडेला नांगराने सारलेल्या बर्फाचा ढीग होता, त्यात नाक खुपसून थांबली. ढिगाच्या पलीकडे उतार होता. "पाच मिनिटं नुसती बसून राहिले," ती म्हणाली, "आणि मग कामावर गेले." हे तिने नवऱ्यालाही सांगितले नव्हते. नव्या घराच्या कर्जाचा हप्ता सुरू झालेला. त्यांच्या डोक्याला आणखी घोर कशाला, हा तिचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी मला तळघर दाखवले. तेथे हिवाळी टायरांचा एक संच रचून ठेवला होता. गाडीबरोबर जुन्या मालकाने दिलेला. मागच्या हिवाळ्यात बेबी त्याच्यावरच फिरली होती. मेहुणे हिशेबी आणि सज्जन. त्यांनी खिशातून दोन युरोचे नाणे काढून टायरच्या खाचेत उभे केले. या नाण्याची चंदेरी कडा चार मिलिमीटर रुंद असते. ती खाचेत बुडाली की हिवाळ्यापुरती खोली आहे असे समजतात. कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते, पण बर्फासाठी जाणकार चार सांगतात. कडा पूर्ण बुडाली. "पाहिलंत दादा? पाच मिलिमीटर आहे. कशाला नवे?" ते म्हणाले.

मास्तरकीची खोड वाईट. छापलेले काही दिसले की वाचल्याशिवाय राहवत नाही. टायरच्या अंगावर एक लांबलचक संकेत असतो, त्याच्या शेवटी चार आकडे होते: ३५१६. मी अर्थ विचारला. मेहुण्यांनी सांगितले, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१६ सालातला पस्तिसावा आठवडा. आठ वर्षे झाली की हो, मी म्हणालो. मेहुणे किंचित थांबले. खाचांची खोली त्यांनी मोजली होती. वय मोजले नव्हते.

शनिवारी आम्ही तिघे टायरवाल्याकडे गेलो. म्हातारा गृहस्थ, हाताला काळे वंगण, बोलणे थोडे. त्याने जुन्या टायरकडे पाहिले आणि मान हलवली. त्याच्यावर नुसती 'एम+एस' ही अक्षरे होती, म्हणजे चिखल आणि बर्फ. ही अक्षरे टायर करणारा आपल्या मर्जीने छापू शकतो. त्यासाठी परीक्षा द्यावी लागत नाही. खरी पदवी म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमाची पाकळी. हे चिन्ह बर्फावर चाचणी उतरल्याशिवाय मिळत नाही. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या एम+एसला हिवाळी टायर म्हणून मान्यता उरली नाही. तेथे ठरावीक तारखेची सक्ती नसते. रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेला चिखल असेल तेव्हा योग्य टायर हवेत, नाहीतर साठ युरो दंड आणि परवान्याच्या खात्यावर एक गुण जमा. लोक मात्र 'ओ ते ओ' हा पाढा पाळतात: ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर.

मग त्याने मला एक प्रयोग करायला लावला. बाहेर तीन अंश होते. तेथे ठेवलेल्या एका उन्हाळी टायरमध्ये अंगठ्याचे नख रुतवा म्हणाला. दगडात रुतवावे तसे वाटले. शेजारच्या हिवाळी टायरमध्ये नख सहज दबले. गुपित एवढेच. साधारण सात अंशांच्या खाली उन्हाळी रबर ताठरू लागते. (पुण्यात सात अंश झाले तर वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी येते; तेव्हा आपल्याला हे कसे ठाऊक असणार!) हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही मऊ राहते. शिवाय त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने कापल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. त्या चिरा बर्फात उघडतात आणि कडांनी पकड घेतात. खाचांत बर्फ गच्च भरतो आणि तो भरलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो. काट्याने काटा काढतात, तसा येथे बर्फाने बर्फ धरतात. ही विद्या फिनलंडच्या लोकांची. तेथे १९३४ साली मालमोटारींसाठी आणि १९३६ साली छोट्या मोटारींसाठी असे टायर निघाले. आठ वर्षांच्या टायरमध्ये चिरा असतात, खोलीही असते. पण रबर म्हातारे होऊन कडक झालेले असते. बेबीची गाडी त्या वळणावर सरळ का गेली, ते मला तेथे उभ्या उभ्या उमगले.

"चारच नवे घ्यायचे का?" मेहुण्यांनी विचारले. "गाडी पुढच्या चाकांनी ओढते. पुढे दोन नवे घालू." हा विचार मलाही पटण्यासारखा वाटला. टायरवाल्याने तळहातावर काडेपेटी ठेवून दाखवले. पुढची चाके घट्ट धरतात, मागची धरत नाहीत. उतारावर ब्रेक दाबला की पुढचे अंग थांबते आणि मागचे अंग फिरून पुढे यायला बघते. उतारावर वेसण ओढली की मागच्या ओझ्याने बैलगाडी आडवी होते, तोच प्रकार. सगळेच टायर वाईट असले तर गाडी निदान चढावरच अडून माणसाला सावध करते. दोनच चांगले असले तर ती वर नेते आणि उतारावर फसवते.

मेहुण्यांचा शेवटचा बाण बारमाही टायरांचा होता. वर्षभर एकच संच, बदलण्याची कटकट नाही, तळघर मोकळे. हल्लीच्या बारमाही टायरांवर तो डोंगरही असतो, त्यामुळे कायद्याचीही आडकाठी नाही. टायरवाल्याने त्यांना नावे ठेवली नाहीत. सपाट, सौम्य हवेच्या शहरात, थोडे फिरणाऱ्या माणसाला ते पुरतात, असे तो म्हणाला. नंतर त्याने एकच प्रश्न विचारला: "फार बर्फ पडला त्या दिवशी गाडी घरी ठेवता येते का?"

प्रश्न मेहुण्यांना होता. उत्तर बेबीने दिले. "बर्फ पडतो त्याच दिवशी हाडं मोडलेली माणसं जास्त येतात." थोडे थांबून ती नवऱ्याकडे न पाहता मराठीत म्हणाली, "आणि जानेवारीत एकदा मीही त्यांच्यात असते." मग तिने ते वळण, तो ढीग, तो पलीकडचा उतार, सगळे सांगितले. टायरवाल्याला शब्द कळले नसतील. तो उगाच आत जाऊन कागद चाळू लागला.

मेहुणे काही बोलले नाहीत. तो परत आल्यावर एवढेच म्हणाले, "चार. रिमांसकट."

पुढचे काम जुळवाजुळवीचे. बेबीच्या गाडीला उन्हाळ्यात १८५/६० आर १५ मापाचे टायर होते. हे आकडे संस्कृतातल्या सूत्रासारखे फोडून वाचायचे: रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, आणि रिमचा व्यास १५ इंच. गाडीच्या कागदपत्रांप्रमाणे १७५/७० आर १४ हे मापही चालणार होते. बेरीज करून पाहिली तर दोन्ही चाकांचा पूर्ण व्यास सहाशे मिलिमीटरच्या आसपासच येतो. रिम लहान म्हणून हे टायर स्वस्त, थोडे अरुंद असल्याने पातळ बर्फाळ चिखलातून चांगले कापत जातात, आणि उंच कडेमुळे खड्डाही सोसतात. पुढे '८४ टी' असे होते: एका टायरवर ५०० किलो भार आणि ताशी १९० किलोमीटर वेग. बेबी एवढ्या वेगाने गेली तर आईला मी स्वतः सांगेन, असे मी म्हणालो, तेव्हा त्या सकाळी प्रथमच सगळे हसले.

स्वतंत्र लोखंडी रिम घेण्यात उधळपट्टी नसते. दर मोसमाला टायर रिमवरून उतरवण्या-चढवण्याची मजुरी वाचते, आणि एक संच धावतो तेव्हा दुसरा विश्रांती घेतो. म्हणजे खर्च आगाऊ होतो, दुप्पट होत नाही. मांडणीवर व्रेडेस्टाइन हे डच नाव दिसले. ती कंपनी २००९ साली आपल्या अपोलोने घेतली, हे कळताच माझा ऊर भरून आला. टायरवाला म्हणाला, अभिमान घरी ठेवा. आधी आपल्या मापाची चाचणी वाचा, ओल्या रस्त्यावर आणि बर्फावर कोण लवकर थांबतो ते पाहा. आम्ही तसेच केले. पन्नास किलोमीटर गेल्यावर बोल्ट पुन्हा आवळून घ्या, आणि थंडी वाढली की हवा तपासा, असेही त्याने बजावले. तापमान दहा अंश उतरले की टायरमधली हवा दीडेक पौंडाने उतरते.

निघताना मी विचारले, एवढे करून भरवसा किती? त्याने काउंटरवरचे एक पोस्टकार्ड उचलून दाखवले. टायर केवढाही असो, जमिनीला टेकतो तो भाग एवढाच. चार टायरांची चार पोस्टकार्डे. साऱ्या गाडीचे, तिच्यातल्या माणसांचे जमिनीशी नाते तेवढ्यावर. तेव्हा चांगल्या टायरवरही हळूच चालवायचे. वेग दुप्पट केला की थांबायला अंतर चौपट लागते, आणि ते गणित कोणताही टायर बदलू शकत नाही.

फेब्रुवारीत एका पहाटे बेबीचा फोटो आला: पांढरा घाट, पांढरी झाडे. खाली दोन शब्द होते, 'पोहोचले. बेबी.' आईने तो पाहून विचारले, "एवढ्या बर्फात हिची गाडी घसरत नाही?" मी म्हणालो, "आता नाही." त्या 'आता'कडे आईचे लक्ष गेले की नाही, कोण जाणे. आया असल्या शब्दांकडे लक्ष देतात, आणि तसे दाखवत नाहीत.

लेख येथे संपायला हरकत नव्हती. पण त्या दिवशी मला काय वाटले कोणास ठाऊक, मी खाली उतरून आमच्या पोलोपाशी उकिडवा बसलो आणि चष्मा पुसून टायरवरचे चार आकडे वाचले. १२१७. गाडीबरोबर आलेले टायर. खाचांत खोली आहे म्हणून कधी बदलले नव्हते. मागच्या आषाढात याच टायरांवर आईला, सौ.ला आणि मुलांना घेऊन मी ताम्हिणीचा घाट उतरलो होतो, धबधबे पाहत, गाणी म्हणत. आपल्याकडे बर्फ नाही. पण कडक झालेले रबर आणि ओला घाट यांची ओळख व्हायला बर्फ लागत नाही. जर्मनीत बहिणीच्या नवऱ्याला टायरचे वय विचारणाऱ्या माझ्यासारख्या शहाण्याने स्वतःच्या दारातले आकडे आठ वर्षे वाचले नव्हते.

त्याच आठवड्यात मी चारही बदलले. घरी कारण सांगितले नाही. सेल लागला होता, असे म्हटले. आता सौ. हे पान वाचेल, तेव्हा कळेलच. तुम्हीही फराळ झाला की एकदा खाली जाऊन या. विजेरी घेऊन जा. आकडे बारीक असतात.