वरून बघणाऱ्याला कोण विचारणार?

परसाकडे बसलेली बाई वाटेवर माणूस दिसला की उठून उभी राहते. वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं. पण वाटेवरचा माणूस दिसतो तरी. डोक्यावर शंभर फुटांवर कॅमेरा असेल तर?

मैत्रिणींनो, हा कल्पनेतला प्रश्न नाही. 2017 साली तेलंगणात करीमनगरला उघड्यावर बसणाऱ्यांवर ड्रोनने पाळत ठेवली गेली. आपल्याकडच्या 'गुड मॉर्निंग पथका'चीच ही पुढची पायरी. संडासाला पाणी नाही ही चूक व्यवस्थेची, लाज मात्र बाईची!

उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्याने जंगलात बसलेल्या एका स्त्रीला टिपलं आणि ते चित्र गावात फिरलं. लाकूडफाटा वेचणाऱ्या बायांना हुसकायला मुद्दाम ड्रोन उडवले जातात, असं केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी 2024 साली मांडलं. वाघ-हत्ती दूर राहावेत म्हणून या बाया मोठ्याने बोलायच्या, गायच्या. कॅमेऱ्याच्या धाकाने आवाज दबला आणि जिवाचा धोका वाढला. आपल्या मेळघाटातही वाघ मोजायला कॅमेरे लागतात, आणि त्याच जंगलात कोरकू बाया मोहफुलं, तेंदूपानं, जळतण आणायला जातात. तिथे कुणी त्यांना विचारलं आहे का?

कायदा काय म्हणतो? विमान वाहतूक केंद्राकडे, म्हणून ड्रोनचे नियमही केंद्राचे. मार्च 2021 च्या नियमांत व्यक्तीच्या खाजगीपणाची काळजी घेऊनच चित्रण करावं, अशी तरतूद होती. ऑगस्ट 2021 मध्ये नवे, सोपे नियम आले आणि ती गळाली. राहिलं ते वजन आणि उंची. विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी 200 फूट, मोकळ्या भागात 400 फूट. बेलोऱ्याहून एप्रिल 2025 मध्ये विमानं उडू लागली. त्यांच्यासाठी किलोमीटरची कडी आखता येतात, मग नदीचा घाट आणि न्हाणीघर यांच्यासाठी का नाही?

चोरून पाहणं 2013 पासून गुन्हा आहे. जुलै 2024 पासून तो न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये आहे, पहिल्या वेळी शिक्षा 1 ते 3 वर्षं. पण तो 'खाजगी कृती'पुरताच. अकोल्याच्या उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेली बाई त्यात बसेलच असं नाही. शिवाय ड्रोन कुणी उडवला, हे तिनं शोधायचं कसं?

यंत्राशी आपलं वैर नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेने माणसं मेली. फवारणी ड्रोनने झाली तर विष अंगावर कमी येईल. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटांना ड्रोनसाठी 80 टक्के, कमाल 8 लाख रुपयांची मदत ठरली. बाईच्या हाती ड्रोन देणारं सरकार बाईवर फिरणाऱ्या ड्रोनबद्दल गप्प का?

सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्याचे. मग राज्याला नियम करता येतील. पोलीस आणि वनखात्याने ड्रोन का उडवला, चित्रण किती दिवस ठेवलं, कुणाला दाखवलं, याची नोंद हवी. वस्तीवर उडवण्याआधी गावाला कळवायला हवं. तक्रार कुठे करायची तेही ठरायला हवं. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो बंगल्याच्या भिंतीआड राहणाऱ्यांपुरता नाही.

आणखी एक धोका आहे. असं काही घडलं की घरातली पहिली सूचना मुलींनाच मिळते : गच्चीवर जाऊ नका, रानात जाऊ नका. सुरक्षिततेच्या नावाखाली पुन्हा आपलंच आकाश लहान होतं. म्हणून पुढच्या महिला ग्रामसभेत हा विषय घ्या, ठराव करा, तो तहसील आणि पोलीस ठाण्यात नेऊन द्या आणि पोच घ्या. बंधन घालायचं ते बघणाऱ्यावर, आपल्यावर नाही.