पाडव्याला मिठागरावरचे पक्षी मोजूया

जानेवारीत पाहिलेली बाकचोच तुतारी मार्चअखेर चटकन ओळखू येत नाही. हिवाळाभर करडी पाठ आणि पांढरं पोट घेऊन चिखलात चोच खुपसणारा हा मूठभर पक्षी चैत्राच्या सुमारास विटकरी होऊ लागतो. आधी छातीवर चार-दोन डाग, मग मान, आणि एप्रिलच्या मध्याला काही पक्षी चेहऱ्यापासून पोटापर्यंत तांबडे. शेजारी बांधावर उभ्या असलेल्या चिखल्यांच्या छातीवर तांबूस पट्टा चढलेला असतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या कानामागे हिवाळ्यात जेमतेम एक ठिपका असतो. मार्चमध्ये तोच रंग सगळं डोकं झाकून टाकतो. वसई-विरारच्या मिठागरांवर आणि किनाऱ्यावर हा पालट दर वर्षी होतो, आणि तो पाहायला फारसं कुणी नसतं. थंडी सरली की पक्षी गेले, असं धरून दुर्बिणी कपाटात जातात.

पाहुण्या पक्ष्यांसाठी मात्र इथला सगळ्यात मोलाचा काळ हाच. बाकचोच तुतारीची वीण उत्तर सैबेरियाच्या टुंड्रात होते. वसईच्या खाडीपासून तिथवरच्या हजारो किलोमीटरच्या वाटेसाठी लागणारी चरबी निघण्याआधीच्या काही आठवड्यांतच अंगावर चढवावी लागते. लांब पल्ल्याच्या काही किनारपक्ष्यांचं वजन या काळात जवळपास दुप्पट होतं. 2022 मध्ये अलास्काहून निघालेल्या पट्टेरी शेपटीच्या एका तरुण पाणटिवळ्याने कुठेही न उतरता अकरा दिवसांत साडेतेरा हजार किलोमीटर कापून टास्मानिया गाठलं. अंगावर बसवलेल्या उपग्रह-यंत्रामुळे त्याचा प्रवास जगाला कळला. असल्या उड्डाणाचा शिधा म्हणजे चिखलातले किडे, अळ्या, बारीक शिंपल्या. मार्च-एप्रिलमध्ये तो पोटभर मिळाला नाही, तर पक्षी उशिरा निघतो किंवा वाटेतच संपतो.

भूमध्य समुद्रातल्या काही बेटांनी वसंताचं हे मोल ओळखलं आहे. ग्रीसच्या लेस्बोस बेटावर काल्लोनीच्या आखाताकाठी मिठागरं आहेत, आणि तिथे अजून मीठ पिकतं. एप्रिल-मेमध्ये आफ्रिकेतून युरोपकडे निघालेले पक्षी त्या पाण्यावर उतरतात. ते पाहायला ब्रिटन आणि हॉलंडहून माणसं विमानाने येतात, गावातल्या खाणावळींत जेवतात, मिठागराकडेच्या रस्त्यावर दिवसभर दुर्बीण लावून बसतात. त्याच समुद्रातल्या माल्टाची गोष्ट वेगळी. वीण करायला निघालेल्या होल्यांची आणि लाव्यांची वसंतातली शिकार बंद करावी का, यावर तिथे 11 एप्रिल 2015 रोजी सार्वमत झालं आणि सुमारे 2,200 मतांच्या फरकाने शिकार चालू राहिली. एक पक्षी मारला की त्याची त्या वर्षीची पिल्लंही गेली, एवढा साधा हिशोब तिथे थोडक्यात हरला.

वसईही एकेकाळी बेटच होती. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला उल्हास नदी समुद्राला मिळते ती वसईची खाडी, पूर्वेला सोपाऱ्याची खाडी. आज सोपाऱ्याची खाडी आक्रसली असली, तरी समुद्र, खाडी, वाडी आणि डोंगर एका दिवसात पायाखाली घालता येतील इतके जवळ आहेत. लोकलने येणाऱ्याला याहून सोयीची जागा मुंबईच्या आसपास क्वचितच मिळेल.

दिवसाची सुरुवात तुंगारेश्वरला करावी. सुमारे 85 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य 2003 मध्ये जाहीर झालं. पांगारा आणि पळस फुलांनी ओसरू लागलेले असतात आणि उरलेल्या मधावर भोरड्यांचे थवे तुटून पडतात. त्यांनाही मध्य आशियाकडे परतायचं असतं. पावशाचा चढत जाणारा सूर, तांबटाचा एकसुरी ठोका, पानांआडून हळद्याची शीळ. उन्हं चढली की खाली वाड्यांकडे यावं. केळी आणि नागवेलीच्या बागांमध्ये वसईची बावखलं अजून काही ठिकाणी टिकून आहेत. पावसाचं गोडं पाणी साठवणाऱ्या या तळ्यांच्या काठी लाजरी पाणकोंबडी शेपटी उडवत फिरते, खंड्या एखाद्या काठीवर टपून बसतो. पाणी, झाडं आणि वाड्या वाचवायला 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीतर्फे लढा दिला. बावखलाकाठची आजची सावली त्या पिढीने राखलेली आहे.

दुपार मात्र नायगाव-जुचंद्रच्या मिठागरांसाठी राखून ठेवावी, ऊन कितीही असो. त्याला भरतीचं कारण आहे. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा किनारपक्षी तिथे विखरून चरतात आणि दुर्बिणीलाही दाद देत नाहीत. भरती चढली की चिखल बुडतो आणि या साऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला कोरडी किंवा घोटाभर पाण्याची जागा लागते. मिठागर ती जागा देतं. उधाणाचं पाणी उघाडीतून आत घेतलं जातं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवलं जातं आणि शेवटच्या वाफ्यांत मीठ धरतं. त्यामुळे एकाच आवारात कमी खारं, जास्त खारं, खोल, उथळ असं सगळ्या प्रकारचं पाणी असतं. शेकाट्या लांब पायांवर खोल पाण्यात उतरतो, टिलवे काठाने धावतात, कुरव आणि सुरय बांधांवर रांगा लावतात. दोन तास तिथे बसलं, तर खाडीभर पसरलेली पाखरं एका नजरेत येतात.

मीठ पिकत असतं तोवर हे पाणी फिरतं राहतं. मिठागर बंद पडलं की वाफे कोरडे पडतात किंवा झुडपांनी भरतात, आणि मग एखाद्या रात्री राडारोड्याचा पहिला डंपर येतो. म्हणून मिठागरात राबणाऱ्या माणसाची रोजी आणि पक्ष्यांचं पोट या वेगळ्या काढता येण्यासारख्या गोष्टी नाहीत.

कायदा मात्र इथे अपुरा पडतो. रामसर करारानुसार मिठागरं ही माणसाने घडवलेली पाणथळ जागा आहे. आपल्या 2017 च्या पाणथळ नियमांनी मिठासाठी बांधलेल्या रचना पाणथळीच्या व्याख्येतूनच वगळल्या. सप्टेंबर 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारावी पुनर्विकासाच्या घरांसाठी कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडकडची 255.9 एकर मिठागर जमीन घेण्याला मान्यता दिली. घरांची गरज खरी आहे. पण जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून लोकल थांबल्या आणि मिठागरात राहणारी कुटुंबं पाण्याने वेढली गेली, हेही खरं. पाणी पसरायला सखल जमीन उरली नाही, तर ते घरांत शिरतं. मिठागराला रिकामी जागा म्हणणाऱ्याने एप्रिलमधल्या भरतीच्या वेळी आणि जुलैमधल्या पावसात, दोन्ही वेळा तिथे येऊन उभं राहावं.

तरीही नुसत्या कळकळीने फाइल हलत नाही. तिला आकडे लागतात. आणि आकडे गोळा होतात ते बहुतेक हिवाळ्याचे. 1987 पासून चालणारी आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते. फेब्रुवारीत परसातल्या पक्ष्यांची जागतिक मोजणी असते. मे महिन्यातल्या जागतिक पक्षीमोजणीच्या दिवसापर्यंत बहुतेक पाहुणे निघून गेलेले असतात. पक्षी निघण्याच्या तयारीत असतात ते आठवडे या मोजण्यांच्या मधल्या फटीत हरवतात. मग एखाद्या मिठागराविषयी अहवाल लिहिताना ‘पक्ष्यांची वर्दळ किरकोळ’ असं वाक्य सहज लिहिता येतं.

ही फट भरायला गुढीपाडव्यासारखा दुसरा दिवस नाही. आसामात बिहूला, तमिळनाडूत पोंगलला पक्षीगणना होते. वसईने पाडवा घ्यावा. यामागे सणाच्या उत्साहाइतकंच समुद्राचंही गणित आहे. पाडवा नेहमी अमावास्येला लागून येतो, म्हणजे त्याच्या आसपास उधाण ठरलेलं. आणि मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साधारण दुपारी बारा-एकच्या सुमारास लागते, हे कुठलाही कोळी पंचांग न उघडता सांगेल. म्हणजे खाडीतले पक्षी मिठागरावर जमतील ती वेळ आधीच ठाऊक असते. सकाळची शोभायात्रा आटपून दुपारी मोजणीला जाता येईल. सणाच्या जेवणामुळे जमत नसेल, तर पुढचे दोन दिवसही उधाणाचेच. भरती तेवढी रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. त्याच संध्याकाळी ओहोटीला भुईगावच्या किनाऱ्यावर दुसरी मोजणी करता येईल.

हे काम वसईतल्या वर्तक आणि गोन्सालो गार्सिया महाविद्यालयांनी, विरारच्या विवा महाविद्यालयाने अंगावर घ्यावं. मिठागरमालकांची परवानगी फेब्रुवारीतच मागावी आणि तिथल्या कामगारांना वाटाडे म्हणून मानधन द्यावं. कुठल्या वाफ्यात पक्षी बसतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. बांधावरून चालत जाऊन थवे उठवू नयेत, कारण उगाच उडवलेल्या प्रत्येक पक्ष्याची चरबी खर्ची पडते. संख्येबरोबर किती पक्ष्यांनी विणीचा रंग धरला आहे, याचीही नोंद करावी. पायात रंगीत कडं दिसलं तर त्याचा रंग, कुठला पाय आणि गुडघ्याच्या वर की खाली, हे टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावं. जैवविविधता कायदा 2002 नुसार लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवणं हे महापालिकेच्या जैवविविधता समितीचं काम आहे. पाडव्याची यादी सहीशिक्क्यासह त्या नोंदवहीत चढवून तिची पोच घ्यावी, आणि मिठागराच्या जमिनीचा कुठलाही प्रस्ताव आला की ती पोच हरकतीसोबत जोडावी.