गाडी दुसरी आली, हौदा तोच!

सकाळचे साडेसहा वाजलेत. चोपड्याच्या कुठल्याही चौकात जरा उभ्या राहून बघा. डोक्याला रुमाल बांधलेल्या, हातात भाकरीचा डबा अन् पाण्याची बाटली घेतलेल्या बायका घोळक्याने थांबलेल्या दिसतील. पिकअप येते, मागचा फाळका खाली पडतो आणि एकमेकींना हात देत सगळ्या हौद्यात चढतात. कुणी खाली बसतं, कुणी दांडा धरून उभं राहतं. कुणाच्या कडेवर लेकरू असतं. दिवसभर कापसाची वेचणी नाहीतर केळीबागेतलं काम, आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत. कधी कधी तर कापसाच्या गाठोड्यांवर बसून!

माल वाहायची गाडी ही. पण आपल्या खानदेशात ती माणसं, त्यातही बायामाणसं वाहते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेतकऱ्याला, मुकादमाला, गाडीवाल्याला आणि नाक्यावरच्या पोलिसालासुद्धा. अपघात झाला की मात्र सगळेच दचकतात.

आठवून बघा. फेब्रुवारी २०२१. आपल्याच बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर, यावल तालुक्यातल्या किनगावजवळ, पपई घेऊन रावेरकडे निघालेला ट्रक मध्यरात्री उलटला. पंधरा मजूर गेले. त्यात बायका होत्या, लहान मुलंही होती. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात आलेगावला हळदीच्या कामावर निघालेल्या बायकांचा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला. सात जणी गेल्या. त्याच वर्षी ११ ऑगस्टला, श्रावणी सोमवारी, पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या पापळवाडीच्या बायकांची पिकअप चढावर मागे घसरून खाली कोसळली. दहाच्या घरात बायका दगावल्या.

अशा बातम्या दोन दिवस चालतात. मंत्री येतात, मदत जाहीर होते. किनगावच्या वेळी पंतप्रधानांनी मृतांच्या घरच्यांना दोन लाख आणि गंभीर जखमींना पन्नास हजार जाहीर केले होते. पुढे काय? ज्या वाचल्या, त्यांचं काय?

मैत्रिणींनो, अशा अपघातातून दोन बायका वाचतात असं मला नेहमी वाटतं. एक हौद्यातून फेकली गेलेली, प्लास्टरमध्ये हात अडकलेली मजूर. आणि दुसरी, जिच्या नवऱ्याची ती गाडी होती ती. पहिलीचा रोज बुडालेला असतो. दुसरीच्या दारात फायनान्सवाल्यांची मोटारसायकल थांबलेली असते. दोघींनाही आता एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे दुसरी गाडी. एकीला कामावर जायला, दुसरीला हप्ता फेडायला.

आणि इथेच विम्याचा एक नियम दोघींच्याही आड येतो.

मालवाहू गाडीचा सक्तीचा विमा हौद्यात बसलेल्या प्रवाशांसाठी नसतो. सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात २००२ मध्येच हे स्पष्ट केलं. विम्याचं संरक्षण आहे ते गाडीवर नोकरीला असलेल्या माणसांना, आणि १९९४ च्या दुरुस्तीपासून मालासोबत जाणाऱ्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या माणसाला. तोही केबिनमध्ये बसलेला हवा. वेचणीला निघालेली बाई यात कुठेच बसत नाही. मग भरपाई द्यायची कुणी? गाडीमालकाने. काही खटल्यांत न्यायालयाने ‘कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत’ असा मार्ग काढला आहे. त्याने जखमी बाईला आधार मिळतो, पण शेवटी बोजा मालकाच्याच घरावर येतो. ज्याची स्वतःचीच गाडी चक्काचूर झाली, तो देणार कुठून?

म्हणजे बघा, चौकात उभी असलेली बाई आणि गाडीवाल्याची बायको यांचं नशीब एकाच फाळक्याला बांधलेलं असतं. दोघींनाही ते ठाऊक नसतं, इतकंच.

मग दोघींनी काय करावं? पहिली गोष्ट उपचारांची. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींसाठी रोख पैसे न भरता उपचारांची केंद्राची योजना लागू झाली आहे. नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचा खर्च तीत बसतो. दागिने मोडायच्या आधी रुग्णालयात हे विचाराच!

दुसरी गोष्ट दाव्याची. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा, असं १ एप्रिल २०२२ पासून कायदा सांगतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण आपण त्या भरवशावर राहू नये. चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागायची तरतूद आहे. ‘गावातलाच गाडीवाला आहे, कशाला कोर्टकचेरी’ म्हणून पंचांसमोर चार पैशांत मिटवून कागदावर अंगठा देऊ नका. गुडघ्याचं दुखणं जन्मभर पुरतं, ते चार पैसे दिवाळीपर्यंतही पुरत नाहीत.

आता गाडीवाल्याच्या घरातल्या बाईकडे येऊ. कर्ज काढताना ‘इथं सही कर’ म्हटल्यावर तिने सही केलेली असते. ती सही जामीनदाराची होती, हे तिला हप्ता थकल्यावर कळतं. म्हणून सांगते, आजच कपाट उघडा आणि विम्याचा कागद बाहेर काढा. त्यावर फक्त ‘थर्ड पार्टी’ लिहिलं असेल, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक पैसाही मिळणार नाही. पूर्ण विमा असेल आणि दुरुस्तीचा खर्च जाहीर किमतीच्या पाऊणपटीवर जात असेल, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. पण ते पैसे आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे जातात, उरलं तर आपल्याकडे. आणि हौद्यात माणसं भरलेली होती हे पंचनाम्यात आलं, की या दाव्यावरही वाद उभा राहू शकतो.

त्याच कागदावर आणखी एक ओळ बघा, मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. गाडी स्वतः चालवणारा परवानाधारक मालक दगावला, तर त्याच्या वारसाला पंधरा लाख मिळतात. ही ओळ माहीतच नसल्याने किती जणींनी ते पैसे मागितलेही नसतील!

आणि मग दुसरी गाडी. बहुतेकदा ती जुनीच असते, ओळखीतल्या कुणाची तरी. ‘कागद नंतर करू’ म्हणत किल्ली हातात दिली जाते. इथे सावध राहा. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक आणि तोच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. म्हणून मोडकी गाडी भंगारात देतानाही तिची नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी दुसऱ्याच्या हाती, अपघात तिसऱ्याचा आणि नोटीस तुमच्या दारी! जुनी घेताना आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा उतरला आहे का, हे आरसी बुकात बघा, आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या.

हे सगळं केलं, नवी पिकअप दारात आली, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ती कुठे जाते? त्याच चौकात!

गाडीवाल्याला दोष देणं सोपं आहे. पण सकाळी बायका न्यायच्या आणि संध्याकाळी माल आणायचा, एका फेरीत दोन कामं झाल्याशिवाय त्याचा हप्ता निघत नाही. एसटीत १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, फार चांगलं झालं. पण एसटी शेताच्या बांधावर जात नाही, आणि कुठलं शेत हे बाईला आदल्या रात्री मुकादमाकडून कळतं. जास्तीच्या प्रत्येक प्रवाशामागे दोनशे रुपये दंड कायद्यात आहे. दंड झाला, तरी तो शेवटी मजुरीतूनच कापला जातो.

मग यावर उत्तर काय? प्रवासी परवाना आणि प्रवासी विमा असलेली गाडी. एकट्या गाडीवाल्याला ती परवडणार नाही, हे मान्य. पण हंगामात एका वाटेवरच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून का ठरवू नये? बचत गटाने अशी गाडी घेतली तर? ग्रामसभेत ‘मजूर बायकांची वाहतूक’ हा विषय आपल्यापैकी कुणी कधी मांडला आहे का? कापसाला पाणी किती, केळीला खत किती, याचा हिशोब शेतकरी करतोच ना! मग ते पीक घरात आणणाऱ्या हातांच्या येण्याजाण्याचा हिशोब त्यात का धरू नये?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत दोन लाख मिळतात, पण सातबारा असलेल्याच्या घरात. हौद्यातल्या बाईकडे बहुतेकदा सातबारा नसतो. तिच्याकडे असतो फक्त डबा, रुमाल आणि दांडा धरलेला हात.

अपघातानंतर गाडी बदलता येते. पण बदलायची, तर त्या बाईची बसायची जागा आधी बदलायला हवी. उद्या सकाळी तुमच्या शेतावर बायका येतील, तेव्हा एवढंच विचारा, ‘बाई, आलीस कशानं?’

उत्तर ऐकून झोप लागली, तर ठीकच आहे म्हणायचं.