घाईत बदललेला कॅशचा नियम

२५ डिसेंबर २०१५. व्हॉल्व्ह कंपनीच्या 'स्टीम' या गेमविक्रीच्या संकेतस्थळावर सवलतींची झुंबड होती, त्यातच हल्लेखोरांनी खोट्या रिक्वेस्टचा मारा सुरू केला. रहदारी सवलतीच्या दिवसांतल्या सरासरीपेक्षाही २,००० टक्क्यांनी वाढली. दुकान चालू राहावं म्हणून कॅशचे, म्हणजे पानांच्या प्रती साठवून त्याच पुन्हा देण्याच्या सोयीचे, नियम बदलले गेले. हल्ल्याच्या दुसऱ्या लाटेत लावलेला नियम चुकीचा निघाला आणि लॉगिन केलेल्या ग्राहकांची पानंही साठवली जाऊ लागली. एकाचं पान दुसऱ्याच्या स्क्रीनवर उघडलं. दीड तासात सुमारे ३४,००० ग्राहकांची माहिती परक्यांच्या नजरेस पडली असावी, असं कंपनीनेच सांगितलं. त्यात काहींच्या बिलाचा पत्ता होता, काहींचा खरेदीचा इतिहास.

कॅश पान ओळखते ते मुख्यतः त्याच्या यूआरएलवरून. 'माझं खातं' या पानाची यूआरएल सगळ्यांना एकच. माणूस ओळखू येतो तो कुकीवरून. म्हणूनच सर्व्हर अशा पानासोबत 'प्रायव्हेट' किंवा 'नो-स्टोअर', म्हणजे सामायिक कॅशमध्ये साठवू नका, अशी सूचना धाडतो. पण ही सूचना डावलण्याची सोय अनेक सीडीएनमध्ये (साठवलेल्या प्रती ग्राहकांपर्यंत पोहोचवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्यांमध्ये) असते आणि सर्व्हर कोलमडू लागला की हात नेमका तिकडे जातो. मला खरी भीती वाटते ती याची.

कॅश रिकामी झाली तरी संकट येतंच. २३ सप्टेंबर २०१० रोजी फेसबुकवर एका चुकीच्या सेटिंगमुळे कॅशचा उपयोग होईना आणि सगळ्या मशीन एकदम डेटाबेसकडे धावल्या, सेकंदाला लाखो क्वेरी. शेवटी संकेतस्थळच थांबवावं लागलं. यावर उपाय आहेत: नवी प्रत एकाच रिक्वेस्टने आणावी, तोवर बाकीच्यांना जुनी द्यावी. बातमीच्या पानाला हे चालतं, बँकेच्या शिलकीला नाही.

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी आपल्याकडेही लाखो मुलं एकाच वेळी येतात. जाहीर झालेला निकाल तासातासाला बदलत नाही, तो आधीच तयार करून ठेवता येतो. मात्र साठवताना बैठक क्रमांकाचा विचार झाला नाही, तर एकाचे गुण दुसऱ्याला दिसतील. तेव्हा काय साठवायचं नाही याची यादी निकालाच्या कितीतरी आधी ठरावी, दोन वेगळ्या बैठक क्रमांकांनी ती तपासून पाहावी, आणि त्या दिवशी ती बदलण्याचा अधिकार एकट्याच्या हाती नसावा. इतकं करूनही लोड पेलला नाही, तर 'थोड्या वेळाने या' एवढंच पान दाखवावं. मुलं चिडतील, पालक फोन करतील. तरी दुसऱ्याची गुणपत्रिका दाखवण्यापेक्षा ते परवडतं.