कोविड-१९ महासाथ आणि शेतकऱ्यांना थेट अर्थसाहाय्य (भारत)

कोविड-१९ महासाथीच्या काळात भारत सरकारने शेतकऱ्यांना दिलेले थेट रोख साहाय्य मुख्यतः प्रधानमंत्री किसान सन्मान निधी (पीएम-किसान) या आधीपासूनच सुरू असलेल्या योजनेमार्फत देण्यात आले. त्यामुळे ते त्वरेने पोहोचू शकले. मात्र त्याचा प्रत्यक्ष नुकसानीशी संबंध नव्हता आणि ज्यांच्या नावे जमीन नाही असे शेती करणारे त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

पार्श्वभूमी

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा रब्बी पिकांच्या काढणीचे दिवस होते. महाराष्ट्रात द्राक्षांचा हंगाम अखेरच्या टप्प्यात होता, तर कोकणचा हापूस बाजारात येऊ लागला होता. शेतीकामांना टाळेबंदीतून सूट मिळाली, तरी वाहतूक, मजुरांची उपलब्धता आणि बाजार समित्यांचे व्यवहार विस्कळीत झाले. उपाहारगृहे व मंगल कार्यालये बंद राहिल्याने फळे, फुले व भाजीपाला यांची मागणी घटली.

साहाय्याचे स्वरूप

केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २६ मार्च २०२० रोजी १.७० लाख कोटी रुपयांचे प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यानुसार पीएम-किसानचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलच्या सुरुवातीस ८.७ कोटी शेतकऱ्यांच्या बँक खात्यांत जमा होणार होता. या हिशेबाने एकूण रक्कम सुमारे १७,४०० कोटी रुपये होते.

मे २०२० मधील आत्मनिर्भर भारत पॅकेजमध्ये किसान क्रेडिट कार्डाद्वारे कर्जपुरवठा आणि १ लाख कोटी रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा निधी यांवर भर होता. ही तरतूद प्रामुख्याने कर्जरूप होती. ती रोख मदत नव्हे.

विश्लेषण

पीएम-किसानमध्ये पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. एप्रिल ते जुलै या कालावधीचा हप्ता महासाथ नसती तरी देय होताच. २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ७५,००० कोटी रुपयांची तरतूद आधीच झालेली होती. म्हणजे शेतकऱ्याला अधिक पैसे मिळाले नाहीत, ठरलेले पैसे लवकर मिळाले. तयार लाभार्थी यादी आणि थेट खात्यात भरणा ही या पद्धतीची जमेची बाजू होय.

दुसरा प्रश्न पात्रतेचा आहे. योजनेचा आधार जमिनीची मालकी हा असल्याने बटाईदार, खंडकरी आणि शेतमजूर वगळले जातात. २०११ च्या जनगणनेत शेतकरी सुमारे ११.९ कोटी, तर शेतमजूर १४.४ कोटी होते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते. शेतात राबणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांचे नाव सातबाऱ्यावर नसते.

तिसरे असे की, हप्त्याची रक्कम सर्वांना सारखीच होती. माल शेतातच सडलेल्या भाजी उत्पादकास आणि ज्याचा गहू हमीभावाने विकला गेला त्यास एकच रक्कम मिळाली.

महाराष्ट्रातील स्थिती

डिसेंबर २०१९ मध्ये घोषित झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत २ लाख रुपयांपर्यंतची थकबाकी माफ होणार होती. महासाथीमुळे तिची अंमलबजावणी रखडली. थकबाकीदाराला नवे पीककर्ज मिळणे अवघड असल्याने खरिपाच्या तोंडावर पेच निर्माण झाला. मे २०२० मध्ये राज्य शासनाने अशी थकबाकी ‘शासनाकडून येणे’ दाखवून शेतकऱ्यांना नवे कर्ज द्यावे, असे बँकांना सांगितले. या शेतकऱ्यांच्या दृष्टीने २,००० रुपयांच्या हप्त्यापेक्षा वेळेवर मिळणारे पीककर्ज अधिक निर्णायक होते.